गुरुवारची बाई

सरांनी पान उलटलं, मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलट केलं आणि तीच ओळ दुसऱ्यांदा वाचली. मोठ्याने नव्हे; नुसते ओठ हलले. वर्गातल्या नऊ जणांनी माना वर केल्या. सर अहवाल वाचताना कधी थांबत नसत. लाल पेन्सिल हातात धरून भराभर वाचायचे, विद्यार्थ्याने जिथे घाईघाईने उपदेश केला असेल तिथे समासात छोटीशी रेघ ओढायचे आणि पुढे जायचे. आज पेन्सिल टेबलावर आडवी पडली होती.

"स्टेनोबाई," सर म्हणाले, "हे वाक्य तिने असंच म्हटलं? शब्दाला शब्द?"

स्टेनोबाई मनातून चपापल्या. पण बत्तीस वर्षं न्यायालयात लघुलेखन केलेल्या बाईचा तो चेहरा. त्यावर काही उमटण्याची सोयच उरली नव्हती.

"हो सर. शब्दाला शब्द."

"वाचा बरं जरा."

कागद हातोहात मागच्या बाकापर्यंत आला. स्टेनोबाईंनी चष्मा चढवला आणि साक्ष वाचून दाखवावी तशा सपाट आवाजात वाचलं, "'मी दार लावून बसत नाही, दार लावून उभी राहते. बसले तर पुन्हा उठणं होणार नाही, असं वाटतं.'"

एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायला टपलेला बेकरीवालाही गप्प राहिला. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, अजून पाऊण तास बाकी होता, आणि ते म्हणाले, "आज इथेच थांबू." अकरा वर्षांत शनिवारचा वर्ग वेळेआधी सुटल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

ख्रिस्ती मंडळीच्या सभागृहाला लागून असलेल्या त्या खोलीत हा वर्ग भरायचा. दोन वर्षांचं शिक्षण. पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधार धरून दुसऱ्याच्या दुःखाशी कसं बसावं, एवढंच तिथे शिकवलं जायचं, पण ते शिकता शिकता भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. सर मंडळीचे निवृत्त पाळक, म्हणजे धर्मगुरू. त्यांची शिकवण थोडक्यात अशी, की शास्त्राचं पुस्तक मांडीवर ठेवा, पण मिटलेलं. पहिली चाळीस मिनिटं ते उघडायचं नाही. त्यातलं वचन ओठांवर आलं तरी गिळायचं.

बेकरीवाल्याला हे अजिबात पटत नसे. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर वचन तयार; डोकं दुखलं तरी वचन, दूध उतू गेलं तरी वचन.

"सर, औषध खिशात असताना चाळीस मिनिटं रोग्याला तसंच ठेवायचं?" त्याने एकदा विचारलं होतं.

"रोग कोणता ते कळायला तेवढी लागतात," सर म्हणाले होते. "सगळं गमावून राखेत बसलेल्या, शास्त्रातल्या त्या माणसाचे मित्र आठवा. सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तिथपर्यंत ते उत्तम समुपदेशक होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. आणि तो आंधळा. प्रभूने त्याला विचारलं, तुला काय हवं आहे? त्याला दिसत नव्हतं का, काय हवं ते? तरी विचारलं. विचारून थांबला."

स्टेनोबाईंना हे ऐकून इतका आनंद झाला होता, की घरी जाऊन त्यांनी सुनेलाही ते सांगितलं. सून म्हणाली, "आई, मग तुम्ही तर शिकूनच आला आहात. बत्तीस वर्षं गप्पच बसलात की." ती थट्टेत म्हणाली, पण वर्मावर बोट पडलं. न्यायालयात त्यांच्यासमोर माणसं फुटून रडली होती, आणि त्यांना वहीवरून मानही वर करायची परवानगी नव्हती. लोकांच्या आयुष्यातले सर्वांत वाईट शब्द त्यांनी टिपून घेतले, आणि एकालाही पाण्याचा पेला पुढे केला नाही. आता करायचा होता. दोन वर्षं पुरी झाली की विद्यार्थ्याला रुग्णालयातल्या प्रार्थनाकक्षात बसायची परवानगी मिळे. स्टेनोबाईंना दुसरं काही नको होतं.

त्यासाठी शेवटच्या सहामाहीत एकाच व्यक्तीच्या निदान चार भेटी घ्याव्या लागत. मंडळीतल्या ज्याला बोलायचं असेल त्याने दारातल्या पेटीत चिठ्ठी टाकायची, सर वेळ ठरवून द्यायचे, नाव कोणी कोणाला विचारायचं नाही. भेट झाली की तिचा अहवाल आठवून लिहायचा, कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं. वर्गात त्याला नुसतं 'शब्दशः' म्हणत. स्टेनोबाईंचं शब्दशः म्हणजे वर्गाला आदर्श. त्यात उसासे असत, खुर्चीची कुरकुर असे, माणूस कुठे अडखळला तेही असे.

त्यांना गुरुवारी तीन ते चार ही वेळ मिळाली होती. पहिल्या गुरुवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या गुरुवारीही नाही. तिसऱ्या गुरुवारीही त्या तासभर रिकाम्या खुर्चीसमोर बसून आल्या. सरांना सांगायला हवं होतं. सरांनी दुसरं कोणी दिलं असतं. पण त्याच संध्याकाळी प्रार्थनेनंतर बेकरीवाला सहज म्हणून गेला, "स्टेनोबाई, तुमच्या चेहऱ्यावर न्यायाधीश बसलाय हो. दारातून डोकावूनच माणूस परत जात असेल." सगळे हसले. स्टेनोबाईही हसल्या. आणि घरी येऊन, जेवणाच्या टेबलावरचा पसारा बाजूला सारून, त्यांनी आयुष्यात प्रथमच कोणी न बोललेले शब्द कागदावर उतरवले.

खोटं लिहायला वेळ लागेल अशी त्यांची समजूत होती. तसं झालं नाही. सवयीने त्यांनी आधी लघुलिपीत लिहायला घेतलं, आणि हात असा सुटला की जणू कोणी समोर बसून सांगत होतं. चाळिशीची एक बाई, तपकिरी कोट, कोटाचं वरचं बटण खालच्या काजात अडकवलेलं. मांडीवर पर्स. इस्त्री केलेले कपडे पुन्हा पाण्यात घालून पुन्हा इस्त्री करते म्हणाली. दार लावून उभी राहते म्हणाली. शेवटी स्टेनोबाईंनी तिचं एक वाक्य अर्धवट ठेवलं, कारण न्यायालयाने त्यांना हे शिकवलं होतं, की पढवलेला साक्षीदार वाक्य पुरं करतो आणि खरा माणूस मध्येच थांबतो. 'पण साहेब, एक विचारू—' इतकंच लिहून त्यांनी खाली लिहिलं, 'वेळ संपली.'

साध्या लिपीत उतरवून वाचून पाहिलं तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि थोडा अभिमानही वाटला. खोटं कसलं, अगदी जिवंत होतं.

वर्ग सुटल्यावर सरांनी त्यांना थांबवून घेतलं. बाकीचे पांगेपर्यंत ते खिडकीशी उभे होते.

"बसा, स्टेनोबाई. एक सांगा. तिच्या पर्सचा चाप कसा होता?"

"म्हणजे?"

"लागत होता का?"

स्टेनोबाईंनी पर्सच्या चापाबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. माहीत नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "नाही. सारखा उघडत होता. ती अंगठ्याने दाबून धरत होती."

सरांनी मान हलवली, जणू बाहेर पाऊस आहे का विचारलं होतं आणि नाही असं उत्तर आलं होतं.

"आणि ती तुम्हाला साहेब म्हणाली?"

स्टेनोबाईंनी कागदाकडे पाहिलं. खरंच की. एका बाईला कोण साहेब म्हणेल? लिहिताना ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. न्यायालयाची सवय, त्यांनी मनाशी म्हटलं. तिथे साक्षीदार सगळ्यांनाच साहेब म्हणतात.

"मला म्हणाली होती," सर म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. सांगताना ते खिडकीबाहेरच बघत होते. एकतीस वर्षांपूर्वी ते या मंडळीत नवे पाळक म्हणून आले होते. एका गुरुवारी एक स्त्री आली. याच वाक्यांनी तिने सुरुवात केली, दार लावून उभी राहते म्हणाली. त्यांनी चौथ्या मिनिटाला तिला वचन दिलं. मेंढपाळाचं स्तोत्र, सुवाच्य अक्षरात कार्डावर लिहून दिलं, तिच्यासाठी प्रार्थना केली. तिने आमेन म्हटलं. उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, पण साहेब, एक विचारू. तोवर त्यांनी हसत हसत दार उघडलंही होतं. विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल, असं ते म्हणाले. बाहेर दुसरं कोणीतरी थांबलं होतं.

"दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या घराचं दार फोडावं लागलं," सर म्हणाले. "कार्ड तिच्या हातात होतं."

स्टेनोबाईंनी कागद पालथा घातला. तरीही डोकं न्यायालयाच्या वाटेने धावत होतं. एकतीस वर्षांपूर्वी त्या नोकरीत होत्या. मृत्यूच्या चौकशीत घरच्या कोणीतरी तिचे शब्द सांगितले असतील, आपल्याच हाताने ते टिपले असतील. डोकं विसरलं, हात विसरला नाही. त्या विचाराचा त्यांना बुडत्याला फळी मिळावी तसा आधार वाटला.

"सर, तिची चौकशी झाली असेल ना? न्यायालयात?"

"नाही. घरच्यांनी गुपचूप सगळं उरकलं. ती माझ्याशी काय बोलली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही."

खोलीत पंखा फिरत होता. स्टेनोबाईंना एवढंच वाटलं, की आता सांगून टाकावं. सर, कोणी आलं नव्हतं, मी सगळं रचलं. पण सर खिडकीपासून वळले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून जिभेवर आलेले शब्द परत गेले. सत्तरी उलटलेला तो माणूस एखाद्या परीक्षेचा निकाल ऐकायला उभा असल्यासारखा दिसत होता.

"ती तीच आहे असं मी म्हणत नाही," सर म्हणाले. "मला वेड लागलेलं नाही. पण पुढच्या गुरुवारी ती आली, की वेळेकडे बघू नका. तिला काय विचारायचं होतं, ते तिला विचारू द्या. एवढं करा माझ्यासाठी."

पुढचे चार दिवस स्टेनोबाईंना अन्न गोड लागलं नाही. सुनेने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. आपण काय करून बसलो, हे त्यांना पुरतं कळलं होतं. नसलेल्या बाईच्या तोंडून आता एक वाक्य आणायचं होतं, आणि ते आणणं मुळीच कठीण नव्हतं. 'साहेब, तुमचा काही दोष नाही.' असं एक वाक्य लिहायला आठ सेकंद लागली असती. सरांनी ते वाचलं असतं आणि उरलेलं आयुष्य शांत झोपले असते. ही दया होती, की चौथ्या मिनिटाला दिलेलं कार्ड होतं? हाच प्रश्न त्या भांडी विसळताना, कपडे वाळत घालताना, रस्ता ओलांडताना स्वतःला विचारत राहिल्या. सरांनीच तर शिकवलं होतं, की समोरच्याचं दुःख आपल्याला सोसत नाही म्हणून आपण घाईने दिलासा देतो, आणि तो दिलासा खरं तर आपल्यासाठी असतो. बुधवारी संध्याकाळी त्यांचा निश्चय झाला. उद्या तासभर बसायचं, मग सरांकडे जाऊन खरं सांगायचं. परवानगी जाईल. जाऊ दे.

भेटीची खोली पूर्वी गायकवृंदाचे झगे ठेवायची होती. भिंतीवर खुंट्यांची रांग अजून होती. दोन खुर्च्या, समोरासमोर नव्हे तर थोड्या तिरक्या, म्हणजे बोलणाऱ्याला नजर चुकवायची मुभा राहते. मध्ये बुटक्या टेबलावर पाण्याचा पेला आणि कागदी रुमालांचा खोका. घड्याळ येणाऱ्याच्या खुर्चीमागे, फक्त ऐकणाऱ्याला दिसेल असं. खिडकीला दुधी काच.

तीनला पाच मिनिटं कमी असताना स्टेनोबाई आपल्या खुर्चीत बसल्या. पुस्तक मांडीवर, मिटलेलं. तीन वाजले, कोणी आलं नाही. तीन वाजून दहा मिनिटं झाली. बाहेरून कुठूनतरी रस्त्यावरच्या गाडीचा आवाज आला आणि गेला. सरांना नेमकं काय सांगायचं ते नीट जुळवून ठेवावं, म्हणून त्यांनी पिशवीतून वही काढली, पुस्तकावर ठेवली आणि लिहिलं, सर, मी खोटं लिहिलं. माझ्याकडे कोणीही आलं नव्हतं.

न्यायालयात एक गोष्ट त्यांना नेहमी गमतीची वाटायची. साक्षीला एकदा ओघ आला, की हात आपोआप चालायचा आणि मन मोकळं व्हायचं. समोर कोणी खुनाची हकिगत सांगत असे, आणि यांच्या मनात संध्याकाळची भाजी. हात मात्र एक शब्द सोडत नसे. आज त्यांनी ते वाक्य लिहिलं आणि नजर भिंतीवरच्या खुंट्यांकडे गेली. खुंट्या मोजाव्यात असं उगाच वाटलं. अकरा होत्या. की बारा? पुन्हा मोजल्या. खोली गार झाली होती. त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

मग घड्याळाकडे पाहिलं, तर चार वाजले होते.

समोरची खुर्ची होती तिथेच, होती तशीच होती. पाण्याचा पेला भरलेला. खोक्यातला पहिला रुमाल वर आलेला, कोणी न ओढलेला. स्टेनोबाईंनी वहीकडे पाहिलं.

दीड पान भरलं होतं. अक्षर त्यांचंच, तेच वळण, बत्तीस वर्षांचं. बोलणाऱ्याने जिथे घाई केली होती तिथे लघुलिपीच्या खुणा एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि जिथे तो थांबला होता तिथे त्या नेहमी देत तसा टिंब दिलेला होता. टिंब पुष्कळ होते. त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या, ती त्यांची कबुली होती. तिसरी वाचायला घेतली आणि थांबल्या. मग एकदम शेवटची ओळ वाचली. वही मिटून त्यांनी छातीशी धरली आणि काही वेळ तशाच उभ्या राहिल्या, कारण बसायचं धैर्य होईना.

बाहेर गल्लीसारख्या लांब मार्गिकेत सफाईवाल्या मावशी फरशी पुसत होत्या.

"झालं का, ताई?" मावशी म्हणाल्या. "तुमची बाई गेली आत्ताच. भारीच घुमी आहे हो. मी म्हटलं, अहो, कोटाचं बटण चुकलंय, नीट लावून घ्या. तर नुसतं बघितलं माझ्याकडे आणि गेली तरातरा."

"कुठे गेली?"

"कुठे म्हणजे? दार एकच तर आहे."

स्टेनोबाईंनी दाराकडे पाहिलं. नुकती पुसलेली ओली फरशी तिथपर्यंत चकाकत होती. तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. मावशींच्या ते ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी फडकं बादलीत बुडवलं आणि पिळलं.

सर कार्यालयात बसले होते. पुढ्यात चहाचा कप, न प्यालेला. स्टेनोबाई आत आल्या आणि उभ्यानेच बोलल्या, कारण बसलं की शब्द मऊ होतात हे त्यांना ठाऊक होतं.

"सर, मी खोटं लिहिलं. माझ्याकडे कोणीही आलं नव्हतं. तीन गुरुवार कोणी आलं नाही, आणि मला कमीपणा वाटला, म्हणून मी एक बाई रचली. आजही कोणी आलं नाही."

मावशींनी काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे आपल्या खोट्याच्या बाजूने साक्षीदार उभा करणं झालं असतं.

सरांनी कप बाजूला सरकवला. चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. स्टेनोबाईंना वाटलं, ओरडावं यांनी. ते सोसणं सोपं गेलं असतं.

"तुम्हाला यंदा प्रमाणपत्र मिळणार नाही," शेवटी ते म्हणाले.

"हो सर."

"रुग्णालयातही बसता येणार नाही."

"समजलं."

"मग ही वही अशी का धरली आहे?"

स्टेनोबाईंनी खाली पाहिलं. वही अजून छातीशी होती, दोन्ही हातांनी घट्ट.

"मी तुम्हाला काय सांगायचं ते लिहायला बसले होते," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन ओळी माझ्या आहेत. पुढचं मी लिहिल्याचं मला आठवत नाही."

सरांनी हात पुढे केला. त्यांनी वही दिली. सरांनी पान पाहिलं, जवळ धरलं, लांब धरलं. ती वाकडी टिंबं आणि रेघा होत्या. लघुलिपी वाचता येणारं त्या इमारतीत दुसरं कोणी नव्हतं. सरांनी वही परत दिली.

"शेवट काय आहे?"

त्या क्षणी स्टेनोबाई काहीही वाचू शकल्या असत्या. त्यांना ते ठाऊक होतं आणि सरांनाही ठाऊक होतं. तुमचा काही दोष नाही. मी रागावलेले नाही. देव तुमचं भलं करो. एकाहून एक चांगली वाक्यं हात जोडून रांगेत उभी होती. आणि कागदावर होतं ते वाक्य सरांना मोडून टाकणारं होतं, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते द्यायला एकतीस वर्षांपूर्वी एक क्षण पुरला असता. त्यांना सरांची फार दया आली. मग त्यांनी चष्मा चढवला.

"'पण साहेब, एक विचारू? उद्या परत आले तर चालेल का?'"

सर हलले नाहीत. चहावर साय धरली होती, तिच्याकडे बघत राहिले. स्टेनोबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. काही बोलल्या नाहीत. पुस्तक पिशवीत होतं, ते काढलं नाही. किती वेळ गेला, कोण जाणे. मार्गिकेतली बादली उचलल्याचा आवाज आला, बाहेरचं फाटक लागलं.

"हो," सर म्हणाले. आवाज अगदी साधा होता, समोर कोणी दारात उभं असावं तसा. "या. तीन वाजता या."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. कोणाच्या भेटीचा वार नव्हता. दुपारी सून म्हणाली, "आई, आज कुठे निघालात?" आणि स्टेनोबाईंना सांगता येईना. सभागृहापाशी पोहोचल्या तेव्हा तीनला थोडा अवकाश होता. भेटीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत सर बसले होते, ऐकणाऱ्याच्या खुर्चीत. दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. पुस्तक मांडीवर होतं आणि त्यावर दोन्ही हात होते. पाण्याचा पेला भरून ठेवला होता. येणाऱ्याच्या खुर्चीमागचं घड्याळ त्यांनी काढून पालथं ठेवलं होतं.

त्यांनी स्टेनोबाईंकडे पाहिलं. "दार लावून घ्याल?"

स्टेनोबाईंनी दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. वही आणली नव्हती.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग सरांचा आवाज आला. शब्द नव्हे, नुसतं "हं". पुन्हा शांतता, आणि ती शांतता लांब होती, तिला चढउतार होते, कोणी बोलत असताना ऐकणाऱ्याची असते तशी. मग पुन्हा "हं". एकदा खुर्ची कुरकुरली, कोणती ते कळलं नाही. स्टेनोबाईंना भीती वाटत होती, पण उठून जावंसं वाटत नव्हतं.

चार वाजून गेल्यावर मावशी बादली घेऊन आल्या.

"आतलं पुसायचं राहिलंय, ताई."

"थांबा थोडं. सरांकडे कोणीतरी आलंय."

"कोण आलंय?" मावशींनी बादली खाली ठेवली. "मी दुपारपासून दारातच आहे. तुम्ही दोघं सोडून कोणी आत आलेलं नाही."

आतून पुन्हा "हं" ऐकू आलं, हळू, धीराचं. मावशींनी दाराकडे पाहिलं आणि मग स्टेनोबाईंकडे.

"वेळ लागेल," स्टेनोबाई म्हणाल्या, आणि बाकावर बाजूला सरकून त्यांनी मावशींना जागा करून दिली.